प्रयोगशाळेची रोजकीर्द

शास्त्रज्ञ म्हटला म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. अंगात पांढरा डगला, हातात काचेची नळी, नळीत रंगीत पाणी. एके दिवशी त्या पाण्यात काहीतरी चमकते आणि लगेच वर्तमानपत्रात भाताच्या नव्या जातीची बातमी येते. प्रस्तुत लेखकाची समजूतही अगदी अलीकडेपर्यंत याहून निराळी नव्हती. महसूल खात्यात कारकुनी करण्यात उमेद गेली, शिक्षण मराठी शाळेपुरते, त्यामुळे प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडण्याचा योग कधी आला नाही. तो आला खाऱ्या पाण्यामुळे, आणि थोडासा आमच्या स्वतःच्या चुकीमुळे.

आमचे राहणे पेणलगत रामवाडीस असले तरी वडिलोपार्जित जमीन खाली खारेपाटात आहे. खारेपाट म्हणजे काय हे या तालुक्यातील वाचकांस सांगावयास नको. परंतु हे मासिक घाटावरही जाते, म्हणून दोन शब्द लिहितो. खाडीकाठच्या खाजणास मातीचा बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवावयाचे, उघाडीतून आतले पावसाचे पाणी ओहोटीस सोडून द्यावयाचे, आणि अशा रीतीने समुद्रापासून सोडवून घेतलेल्या भूमीवर भात काढावयाचा. जुन्या दप्तरांत अशा जमिनींची शिलोत्री नावाची निराळी वहिवाट आढळते; बांध राखण्याचा भार आणि जमिनीचा हक्क ही दोन्ही एकाच गळ्यात बांधलेली असत. पुढे मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला व महाराष्ट्र राज्याने १९७९ साली नवा केला. कायदे झाले, परंतु उधाणास त्यांची नोटीस पोहोचत नाही. चार वर्षांपूर्वी आषाढातील उधाणाने आमच्या बाजूच्या बाहेरकाठ्यास खांड पडली आणि खाचरात चार भरत्यांचे पाणी खेळले. दुरुस्ती कोणी करावयाची या वादात एक हंगाम गेला. बांध झाला तेव्हा जमिनीवर उन्हाळ्यात मिठाची पांढरी साय दिसू लागली होती.

आता काय करावे, याविषयी गावात दोन तट पडले. वडीलधारी मंडळी म्हणत, दोन पावसाळे जाऊ द्या, पाऊसच मीठ धुऊन नेईल. तरुण मंडळी म्हणत, भाताचा नाद सोडा, तळे खणून जिताडा सोडा, नाहीतर जमीन विकून मोकळे व्हा. विकत घेणारा दलाल तर दर आठवड्यास फेरी घालीत होता. घरातही एकमत नव्हते. धाकटे बंधू विकण्याच्या बाजूचे, आम्ही न विकण्याच्या. आणि दोघांपाशीही आपल्या म्हणण्यास आधार असा काही नव्हता. तेव्हा माती तपासून आणावी आणि जो आकडा येईल त्यावर ठरवावे, असे ठरले.

एका संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत माती घेऊन गेलो. केंद्राचे नाव येथे देत नाही. पाहुण्याने घरात काय पाहिले ते सांगावे, घराचा पत्ता सांगत सुटू नये. तेथे तरुण वयाच्या एक सहायक बाई होत्या. त्यांनी पिशवी उघडली, चिमूटभर माती तळहातावर घेतली, पिशवी उलटी करून आतून पाहिली आणि विचारले, "काका, ही पिशवी कशाची?"

पिशवी युरियाची होती. झटकून घेतली होती, परंतु युरियाचीच.

"आणि माती कुठून घेतलीत?"

जेथे पांढरी साय अधिक दिसली तेथून, वरचेवर खरवडून घेतली होती. आमचा हेतू असा, की जमिनीचे दुखणे शास्त्रज्ञांस नीट दिसावे. बाई हसल्या नाहीत, ही त्यांची सभ्यता. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, "कोणत्या तारखेला घेतली?" पिशवीवर तारीख नव्हती, गट नंबर नव्हता, नावही नव्हते. ज्या माणसाने उभ्या नोकरीत तारीख नसलेले शेकडो अर्ज परत केले, त्याचा अर्ज त्याच कारणास्तव परत झाला. न्याय झाला, असेच म्हटले पाहिजे.

नमुना कसा घ्यावा, हे बाईंनी मग सविस्तर सांगितले. ते येथे लिहून ठेवतो, कारण अशी चूक करणारे आम्ही एकटेच नसणार. शेतात नागमोडी चालीने फिरून आठदहा ठिकाणे धरावीत. बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची आणि पाणी साचते ती जागा सोडावी. प्रत्येक ठिकाणी वीतभर खोल, तिरप्या काठांचा खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्यावी. सर्व माती स्वच्छ कापडावर एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, उरलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करावेत. असे अर्धा किलो उरेपर्यंत करीत राहावे. माती सावलीत वाळवावी, उन्हात नव्हे. खाऱ्या जमिनीच्या बाबतीत तारखेस विशेष महत्त्व आहे. चैत्रवैशाखात ओलावा वर चढून सुकतो तसे मीठही वर येते, आणि भाद्रपदात पावसाने तेच मीठ खाली गेलेले असते. एकाच खाचराची मे महिन्यातील माती आणि सप्टेंबरातील माती ही दोन निराळ्या गावच्या जमिनींसारखी असतात. तारखेवाचून आकड्यास अर्थ नाही.

दुसऱ्या खेपेस नमुना विधिपूर्वक नेला, आणि तपासणी कशी होते ते पाहू द्यावे अशी विनंती केली. तेथील मुख्य शास्त्रज्ञांनी ती मान्य केली. त्या वेळी दोन दिवस, आणि भाताच्या फुलोऱ्यात पुन्हा दोन दिवस, त्या इमारतीत एका खुर्चीवर बसून जे पाहिले ते पुढे देतो.

पहिली गोष्ट अशी, की तेथे चमकत काहीच नाही. माती लाकडी मोगरीने कुटावयाची, दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळावयाची, काट्यावर तोलावयाची. तोलल्यावर भांड्यात घेऊन तीत शुद्ध केलेले पाणी थोडे थोडे घालीत कालवावयाचे. किती पाणी? आमची समजूत, त्याचे काही माप ठरलेले असेल. तसे नव्हे. मातीचा लगदा उजेडात तकाकू लागला, भांडे कलते केले असता किंचित वाहू लागला आणि पातीवरून अलगद सुटू लागला, म्हणजे पुरे. गृहिणी भाकरीचे पीठ भिजवितात त्याच जातीचे हे ज्ञान आहे, हाताचे व डोळ्याचे. लगदा रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी त्यातील पाणी ओढून घ्यावयाचे आणि त्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते यंत्रावर पाहावयाचे. मीठ जितके अधिक तितकी वीज सुलभ जाते. तो आकडा डेसिसायमन या मापात देतात.

परंतु आमच्या मातीची पाळी येण्यापूर्वी बाईंनी यंत्रात निराळेच पाणी घातले. ते ठराविक प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड विरघळविलेले पाणी. पंचवीस अंश उष्णतेस यंत्राने त्याचा आकडा १.४१ दाखविला पाहिजे. त्या दिवशी यंत्र १.४१ दाखवीना. फरक इतका थोडा, की आम्ही म्हटले, चालवून घ्या. बाईंनी यंत्राचा कांडीसारखा भाग धुतला, पुसला, पाणी बदलले, पुन्हा पाहिले, पुन्हा धुतला. यात पाऊण तास गेला. आमच्या नमुन्याचे काम पुढे पाच मिनिटांत झाले! शिवाय प्रत्येक माती दोनदा तपासली जाते, आणि दोन आकड्यांत मेळ नसला तर तिसऱ्यांदा.

सोडियम मोजण्याच्या यंत्रात तर चक्क एक ज्योत असते. भाताची पेज उतू जाऊन चुलीत सांडली म्हणजे जाळ एकदम पिवळा होतो, हे ज्यांच्या घरी चूल होती त्यांस आठवत असेल. पेजेतील मिठामुळे तसे होते. हे यंत्र तोच पिवळेपणा मोजते. आजीने आयुष्यभर पाहिलेली गोष्ट येथे आकड्यांत बसविलेली पाहून मोठी मौज वाटली.

आमचा आकडा आला ९.२, आणि सामू ८ च्या आतबाहेर. त्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी समजावून दिला तो असा. अमेरिकेत रिव्हरसाइड येथील क्षारजमिनींच्या प्रयोगशाळेने १९५४ साली जी पुस्तिका छापली, तीत ४ च्या वरची जमीन खारी धरावी असे ठरले, आणि जगभर आजही बहुतेक तेच धरतात. भाताचे नुकसान सुमारे ३ पासूनच सुरू होते, व पुढे प्रत्येक एककास उत्पन्न सरासरी शेकडा १२ ने घटते. या हिशेबाने ९.२ ला रुपयातील चार आणेच पीक हाती यावे. तथापि हे मीठ पाण्याने धुतले जाणारे आहे. मातीच्या कणांस सोडियम चिकटून जमीन चोपण झालेली नाही. सबब जिप्समवर पैसे घालू नका. आपल्याकडे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, तो बांधबंदिस्ती करून खाचरात अडवा, जिरवा आणि ओहोटीस उघाडीवाटे काढून द्या. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून जिप्समचा भाव आम्ही आधीच काढून ठेवला होता, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

तेव्हा घरातील वृद्ध मंडळींचे म्हणणे खरे ठरले. मात्र "पाऊस धुईल" आणि "इतका पाऊस इतके धुईल, पुन्हा मोजून पाहा" या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते कापण्यासाठीच त्या इमारतीतील माणसे सकाळी दहापासून उभी असतात.

आता जातींविषयी. खाऱ्या जमिनीत तगणारे भात कोकणात शास्त्रज्ञांनी आणले असे नाही. काळा रता व भुरा रता या तांबड्या तांदळाच्या जाती आपल्या पूर्वजांनीच राखल्या होत्या. शास्त्रज्ञांनी प्रथम एवढेच केले, की शेताशेतांतून लोंब्या गोळा केल्या, एकेका लोंबीचे बी निराळ्या ओळीत पेरले, आणि त्या ओळींतून वेचून काळा रता १-२४ व भुरा रता ४-१० अशा निवडी बाजूस काढल्या. नावापुढील हे आकडे आम्हांस पूर्वी कंपनीच्या मालाच्या नंबरासारखे वाटत. ते तसे नव्हेत. तो त्या झाडाचा वंशाचा दाखला आहे. फिलिपाइन्समधील भातसंशोधन संस्थेने १९६६ साली प्रसृत केलेली आयआर-८ ही जात सर्वांस ठाऊक आहे. इंडोनेशियाची उंच पेटा आणि तैवानची एक बुटकी जात यांचा हा संकर. त्या संस्थेतील आठवा संकर म्हणून आठ. आणि दुसऱ्या पिढीच्या सुमारे दहा हजार रोपांतून पुढे वेचता वेचता २८८ व्या ओळीतील तिसऱ्या रोपापाशी निवड थांबली. सर्व्हे नंबर २८८, हिस्सा नंबर ३! महसूल खात्यातील माणसास यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. उरलेल्या हजारो रोपांचे काय झाले? ती टाकून दिली. संशोधन म्हणजे मुख्यतः टाकून देणे होय, आणि काय व का टाकले याची नोंद ठेवणे होय.

पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने भुरा रता व आयआर-८ यांच्यासारख्यांचे संबंध जुळवून आपल्यासाठी पनवेल नावाच्या जाती काढल्या. कर्जतचे भातसंशोधन केंद्र तर १९१९ पासूनचे आहे, आणि कर्जत-१८४ व कर्जत-३ यांनी या जिल्ह्यातील किती कणगी भरल्या याची गणती नाही. ही दोन्ही केंद्रे आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहेत. ते विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले.

संबंध जुळविण्याचे काम कसे चालते ते फुलोऱ्याच्या दिवसांत पाहावे. भाताच्या फुलात नर व मादी एकाच टरफलात नांदतात, आणि फूल उघडण्याच्या वेळीच आपल्याच परागाने फळून जाते. सबब ज्या झाडास आई करावयाचे, त्याच्या लोंबीतील एकेका फुलाचे टोक आदल्या संध्याकाळी कातरीने छाटून आतील सहाही परागकोश चिमट्याने काढावयाचे. पाच काढले आणि एक राहिला तर सारे काम व्यर्थ. मग लोंबीस कागदी टोपी घालावयाची. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या पुढे बापाची फुले उघडतात. परागाचा जीव काही मिनिटांचा. तेवढ्यात टोपी काढून बापाची लोंबी वर झटकावयाची, टोपी पुन्हा घालावयाची, चिठ्ठी बांधावयाची. चिठ्ठीवर आईबापांची नावे, तारीख आणि करणाराची सही. श्रावणभाद्रपदाच्या उकाड्यात, पाठ वाकवून, श्वास रोखून एक पदवीधर गृहस्थ हे काम करीत होते. दोन दिवसांत त्यांनी किती लोंब्या केल्या ते आम्ही मोजले: एकोणीस. त्यांतील किती फळतील, असे विचारता ते म्हणाले, "महिन्याने सांगू." आणि फळलेल्या दाण्यापासून स्थिर जात होण्यास सहासात पिढ्या, पुढे गावोगावच्या चाचण्या; म्हणजे त्या एकोणीस लोंब्यांचा निकाल लागेतो त्या गृहस्थांचे केस पिकावयास लागतील.

हा काळ थोडा आखडता यावा म्हणून आता रोपाच्या पानातील वंशसूत्र तपासतात. केरळातील पोक्काळी नावाच्या खाऱ्या भाताची खारेपणा सोसण्याची शक्ती बऱ्याच अंशी भाताच्या बारा रंगसूत्रांपैकी पहिल्यावरील एका तुकड्यात आहे, असे सिद्ध झाले आहे. तो तुकडा रोपात उतरला की नाही हे कोवळे पान चुरून कळते. पीक येईपर्यंत थांबावे लागत नाही. एका मुलीने आमच्यासमोर हे काम चालविले होते. थेंबाच्याही अंशाएवढे पाणी मोजून इवल्याशा नळ्यांत सोडावयाचे, त्या यंत्रात तापवून थंड करावयाच्या, मग खिरीसारख्या गोठविलेल्या पट्टीत ते द्रव घालून वीज सोडावयाची आणि जांभळ्या उजेडाखाली पाहावयाचे, रेघा उठल्या का. त्या दिवशी एकही रेघ उठली नाही. आठवड्याचे काम फुकट! आम्हांस वाटले, आता ही पान फाडून टाकील. तिने वही उघडली, तारीख घातली, काय घातले व किती तापविले ते ओळीने लिहिले आणि शेवटी लिहिले, "काही आले नाही." एका आकड्यात चूक झाली होती, तीवर एकच आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्त आकडा लिहिला आणि सही केली. मूळ आकडा वाचता येत होता.

हे पाहून आम्ही खुर्चीवरून उठलो. कारण कचेरीत पहिल्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी हेच शिकविले होते: खोडरबर वापरू नये, पान फाडू नये, चूक झाल्यास एक रेघ मारून सही करावी, मूळ अक्षर दिसले पाहिजे. पन्नास वर्षांनी फेरफाराचे भांडण निघाले तर त्या खोडलेल्या अक्षरावर निकाल होतो. प्रयोगशाळेतही तेच. आज न उठलेली रेघ दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाचे श्रम वाचविते. ग्रेगोर मेंडेल या मठवासी गृहस्थाने गेल्याच्या आदल्या शतकात वाटाण्याचे ७,३२४ दाणे मोजले. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तीनास एक हे प्रमाण बरोबर बसत नाही, किंचित कमी पडते. त्याने ते बसवून घेतले नाही, आला तो आकडा लिहिला, आणि त्या आकड्यांवर आज साऱ्या जगाची बियाणी उभी आहेत.

येथे आमच्या जुन्या धंद्यातील एक कबुली दिली पाहिजे. आणेवारी ही एके काळी बहुतांशी नजरेची गोष्ट होती. बांधावर उभे राहून पीक इतके आणे असे ठरवावयाचे, आणि ठरविताना कोण शेजारी उभा आहे याचाही आकड्यावर परिणाम होई. याला पर्याय शोधण्यात साताऱ्याकडील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे या दोघांचा मोठा वाटा आहे. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी चिठ्ठी टाकून निवडलेल्या शेतात, चिठ्ठीनेच ठरलेल्या कोपऱ्यात तुकडा आखून, तेवढेच पीक कापून तोलण्याची पद्धत या देशात रुजविली. १९५४ सालचे त्यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक शेतकी संशोधकांच्या टेबलावर अजून असते. त्या प्रयोगशाळेतही होते, पाठपुठ्ठा निखळलेला. पीककापणीच्या प्रयोगास आम्ही अनेकदा हजर राहिलो आहोत. आकडा आला की तुकडा वाईट जागी पडला म्हणून खातेदार कुरकुरे, आणि चांगल्या जागी पडला म्हणून दुसरा कोणी. दोरी मात्र जेथे पडावयाची तेथेच पडे. नव्या जातींची चाचणीही याच न्यायाने होते; कोणती जात कोणत्या वाफ्यात, हे शास्त्रज्ञाच्या मर्जीवर नसते.

आता आपल्या बाजूकडे पाहू. केंद्राकडून चाचणीसाठी बियाण्याच्या लहान पिशव्या शेतकऱ्यांस मिळतात. त्यांचे आपण काय करतो? कोणी ते बी घराजवळच्या सर्वांत कसदार खाचरात लावतो आणि "फार उत्तम" असे कळवितो. कोणी कडेला कोठेतरी टाकतो आणि काहीच कळवीत नाही. जात बुडाली तर आपण चहाच्या दुकानात सांगतो, केंद्रास कळवीत नाही. त्या मुलीने "काही आले नाही" असे लिहिले, ते लिहिण्याचे धैर्य आपल्यातील कितीजणांस आहे? शास्त्रज्ञांच्या अहवालांची भाषा आपणांस उमगत नाही, ही आपली तक्रार रास्त आहे, आणि ती मुख्य शास्त्रज्ञांपुढे आम्ही मांडलीही. ते म्हणाले, "तुम्ही आकडे द्या, आम्ही मराठीत लिहितो." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्या खाचराचा हिशेब असा. बांध चोपून घेतला, आत चर काढले, पावसाचे पाणी तीन वेळा साठवून ओहोटीस सोडले. कोवळे रोप आणि फुलोरा या दोन वेळांस भात खारेपणा फार कमी सोसते, म्हणून आवण जरा जून करून, पाणी गोडे झाल्याची खात्री करून लावणी उशिरा केली. एका बाजूस पनवेलची जात, एका बाजूस जुना रता, मध्ये बांध. दोहोंचे भात निरनिराळे तोलले, आणि वजने केंद्रास कळविली. खाली पाणी साचते त्या कोपऱ्यातील तीन गुंठ्यांत पळिंजच झाले, तेही कळविले. भात कापल्यावर घेतलेल्या मातीचा आकडा ४.१ आला. दलाल अजून येतो. बंधू त्याला चहा देतात, पण पूर्वीप्रमाणे ओसरीत बसवीत नाहीत.

येत्या वैशाखात तिसरा नमुना न्यावयाचा आहे. तो आकडा चढलेला असणार, हे ठाऊक आहे. किती चढला, एवढेच पाहावयाचे. कापडी पिशवी धुऊन दोरीवर घातली आहे, आणि तिच्यावर गट नंबर आताच लिहून ठेवला आहे. तारखेची जागा तेवढी मोकळी आहे.